मोरगव्हाणीचं कार्ड

मोरगव्हाणीच्या टॉवरवरचं मेमरी कार्ड संजीवनी कऱ्हाळेनं स्वतःच्या हातानं बसवलं होतं. सव्वा वर्षानं ते स्वतःच्याच हातानं काढलं होतं. आणि आता, आणखी तीन वर्षांनी, ते तपासायचं कामही तिच्याच टेबलावर आलं होतं.

कार्ड चंदेरी पिशवीत होतं. पिशवीवरच्या चिठ्ठीत तिचंच अक्षर होतं: 'मोरगव्हाणी, एप्रिल २०३५. खबरदारी म्हणून बदलले. दोष आढळला नाही.'

हिंगोलीच्या वीजसूचना केंद्राच्या कार्यशाळेत त्या सकाळी अशी एक्केचाळीस कार्डं मांडून ठेवली होती. दुर्घटनेशी संबंध असलेला प्रत्येक सुटा भाग तीन वर्षं जपायचा, असा नियम होता. मुदत संपलेली ही कार्डं आता भंगारात जायची होती, पण त्याआधी नव्या यंत्राखालून काढायची होती. ते यंत्र आठ दिवसांपूर्वीच आलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. केंद्रात सगळे त्याला डागयंत्र म्हणत.

ते कोणी चालवायचं हा प्रश्नच आला नव्हता. विभागाचे अभियंते तिडके साहेब म्हणाले होते, "कऱ्हाळे मॅडम सोडून दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही मी त्याला." नव्यानं भरती झालेल्या तंत्रज्ञांना राऊटर उघडायला संजीवनीच शिकवायची. आधी वीज बंद करायची. मग अर्थिंगचा पट्टा मनगटाला बांधायचा, त्याचा चिमटा राऊटरच्या रंग न दिलेल्या धातूला लावायचा, आणि मगच कार्डाची पिशवी उघडायची. कार्ड कडेनं धरायचं, सोनेरी पट्ट्यांना बोट लागू द्यायचं नाही, खटक्यात बसल्याचा आवाज येईपर्यंत दोन्ही बाजूंनी सारखं दाबायचं. पट्ट्याबद्दल ती इतकं ठासून सांगायची की शिकाऊ मंडळी तिला मागून पट्टाबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. ती इतकं ठासून का सांगते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

थंडीत लोकरी कपडे काढताना अंगावर तडतड होते, ती वीजच असते. माणूस नुसता चालला-बसला तरी ती त्याच्या अंगावर साठत राहते. दाराच्या कडीला हात लावल्यावर चटका जाणवला, तर समजावं की तीन-चार हजार व्होल्ट बोटातून गेले. माणसाला त्याचं काही वाटत नाही. चिपच्या आतला पडदा मात्र इतका पातळ असतो की शे-दीडशे व्होल्टसुद्धा त्याला फाडतात. तो पुरता फाटला तर एका परीनं बरं, कारण कार्ड तिथंच मरतं आणि माणूस दुसरं बसवतो. अर्धवट फाटला तर कार्ड चालू राहतं, सगळ्या चाचण्यांत पास होतं, आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी एखाद्या तापलेल्या दुपारी चुकतं. तोवर कुणाच्या हातून काय झालं हे सांगणारं काही उरलेलं नसायचं.

डागयंत्रानं तेच शोधून काढलं होतं. ठिणगी जिथून शिरते तिथं पडद्यात काही इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि ते फार सावकाश, पण ठरलेल्या गतीनं, सुटत जातात. कार्ड अतोनात थंड करून अडकलेले किती उरलेत ते मोजलं, की ठिणगी किती दिवसांपूर्वी पडली ते निघतं. डागाच्या आकारावरून ती यंत्रातून आली की माणसाच्या बोटातून, तेही कळतं. बोट कुणाचं हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी कामाची नोंदवही पुरते.

संजीवनीनं चौदा कार्डं तपासली. पंधराव्या वेळी तिनं मोरगव्हाणीची पिशवी उचलली, खाली ठेवली, आणि दुसरीच घेतली. असं तिनं तीनदा केलं.

*

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. सोळा जानेवारी २०३४. हवा इतकी कोरडी होती की ओठ फुटत होते. त्या दिवशी तिला चार टॉवरवरच्या राऊटरांची मेमरी वाढवायची होती. मोरगव्हाणी शेवटचा. नवीन गावं जोडल्यामुळं इशाऱ्याच्या भोंग्यांच्या पत्त्यांचा तक्ता मोठा झाला होता आणि जुन्या कार्डात तो मावत नव्हता.

नवऱ्याचा, उद्धवचा, तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ती टॉवरखालच्या खोलीत राऊटरचं झाकण उघडून बसली होती. "अगं, चार वाजता पाहुणे येतायत कावेरीला बघायला. वहिनी घरात नाही म्हटल्यावर काय वाटेल त्यांना?" कावेरी म्हणजे तिची नणंद. "निघालेच," असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की पट्टा जीपमध्ये राहिलाय. जीप घेऊन ड्रायव्हर नाक्यावर चहाला गेला होता.

तिनं समोरच्या लोखंडी कपाटाला हात लावला. अंगावरची वीज उतरली असेल, असं तिनं धरून चाललं. कपाटाला जाड रंग होता. अंगात नायलॉनचा स्वेटर होता. पिशवीतून कार्ड काढताना बोट सोनेरी पट्टीजवळ गेलं आणि टक् असा बारीक आवाज आला. सुई टोचल्यासारखं वाटलं.

ती क्षणभर थांबली. जवळ दुसरं कार्ड नव्हतं. हे बसवलं नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं लागणार होतं आणि तोवर नवीन गावं भोंग्याविना राहणार होती. तिनं कार्ड बसवलं, झाकण लावलं, राऊटर चालू केला. सगळे दिवे हिरवे. चाचणी केली, पास. पुन्हा केली, पास. मग तिनं अर्ज भरला. त्यात एक प्रश्न होता: 'अर्थिंगचा पट्टा वापरला का?' तिनं 'होय' लिहिलं आणि सही केली.

पाहुणे वेळेवर आले. कावेरीचं जमलं.

*

वीजसूचनेचं जाळं सरळ होतं. माळावर जागोजागी खांब होते, ते आभाळातला विजेचा ताण मोजायचे. ताण वाढू लागला की हिंगोलीच्या केंद्राला कळायचं आणि केंद्रातून राऊटरांमार्फत त्या-त्या गावच्या भोंग्याला आज्ञा जायची. वीज पडण्याआधी दहा-बारा मिनिटं मिळायची. तेवढी पुरतात. भोंगा आला त्या वर्षापासून तालुक्यात वीज पडून माणूस दगावलं नव्हतं.

एप्रिल २०३५ मध्ये दुपारी पावणेचारला मोरगव्हाणीवर ढग चढले. शिवारात शिजवलेली हळद वाळत पडली होती. सुभद्रा पोले आणि तिची जाऊ लक्ष्मी हळद झाकायला ताडपत्री ओढत होत्या. मोबाइलवर इशारा गेला होता, पण मोबाइल झाडाखालच्या पिशवीत होते. त्यांचे कान भोंग्याकडं होते, आणि भोंगा वाजत नाही तोवर वेळ आहे, असं आता सगळं गाव धरून चालायचं. दोघी जागीच गेल्या.

भोंगा गावच्या कोतवालाकडं होता. मारोती खिल्लारे. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून राहायचं, रोज सकाळी सातला भोंग्याची चाचणी घ्यायची, वहीत लिहायचं. मारोतीनं सांगितलं की भोंगा वाजलाच नाही. पण त्या दिवशी सकाळची चाचणी नीट झाली होती. केंद्राच्या नोंदीत आज्ञा गेली होती. राऊटरच्या नोंदीत 'पाठवली' असं होतं. आणि महिन्याभरापूर्वी दहावीच्या परीक्षेत भोंगा उगाच वाजला म्हणून मारोतीनं तासभर फ्यूज काढून ठेवला होता, त्याबद्दल त्याला लेखी ताकीदही मिळाली होती.

चौकशी समिती शाळेच्या वर्गात बसली. राऊटर तपासायला संजीवनीलाच पाठवलं होतं. ती सकाळी आठला गेली, चाचणी केली, पास. तरी तिनं कार्ड बदललं. का बदललं, हे कुणी विचारलं नाही.

"राऊटरमध्ये दोष होता का?" अध्यक्षांनी विचारलं.

"चाचणीत आढळला नाही," संजीवनी म्हणाली.

समोरच्या बाकावर मारोती बसला होता. पन्नाशीचा, टोपी हातात धरलेला. या बाईला यंत्रातलं कळतं, ही काहीतरी सांगेल, अशा नजरेनं तो तिच्याकडं बघत होता. तिनं कागद आवरले आणि ती बाहेर पडली.

त्यानं पुन्हा फ्यूज काढला असणार असं समितीनं ठरवलं आणि मारोतीला कामावरून काढलं. पुढं वर्ष-दीड वर्षानं तो बायकोला घेऊन वसमतला गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

*

कार्ड शेवटी तिनं यंत्रात ठेवलंच. थंड व्हायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती स्टुलावर हात मांडीत धरून बसून राहिली.

यंत्राच्या स्क्रीनवर चार ओळी आल्या. डाग एक. मानवी बोट. वय १५४७ दिवस, सहा इकडं-तिकडं. तापमान पन्नास अंशांच्या वर गेल्यास मेमरीच्या शेजारशेजारच्या दोन घरांत चूक संभवते.

दिवस मोजायची तिला गरज नव्हती, तरी तिनं मोजले. सोळा जानेवारी.

एका घरात चूक झाली असती, तर राऊटरनं ती स्वतःच दुरुस्त केली असती. दोन एकदम झाल्या की त्याला कळत नाही. एप्रिलमधल्या त्या दुपारी टॉवरखालच्या पत्र्याच्या खोलीत पारा पन्नासवर गेला आणि तक्त्यातला मोरगव्हाणीचा पत्ता दोन आकड्यांनी बदलला. राऊटरनं आज्ञा चोख पाठवली, पण तो पत्ताच अस्तित्वात नव्हता. तेव्हा भोंग्याकडून पोच मागवायची पद्धत नव्हती, ती पुढं आली. संध्याकाळी खोली निवली, पत्ता पुन्हा बरोबर झाला. सकाळच्या सगळ्या चाचण्या म्हणूनच पास होत होत्या.

तिनं कागद छापून घेतला आणि तिडके साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला. मग ड्रॉवरमधून एक परिपत्रक काढून त्यांनी तिच्यापुढं सरकवलं. "हे वाचा. डागयंत्र येण्याआधीचे डाग फक्त आकडेवारीसाठी. नाव लावायचं नाही, कारवाई नाही. संघटनेनं भांडून घेतलंय हे."

"वाचलंय मी."

"मग झालं तर. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

"साहेब, मारोती खिल्लारेला विचारलं होतं."

तिडके उठून खिडकीशी गेले. "कऱ्हाळे मॅडम, मी पंधरा वर्षं राऊटर उघडलेत. माझ्या हातचे डाग नसतील? घाईत प्रत्येकानं कधी ना कधी पट्टा टाळलाय. तुम्ही नाव लावून दिलंत, की उद्या सगळ्यांच्या वह्या उघडतील. माणसं घरी बसतील. आणि त्या दोघी काय परत येणार आहेत?"

"नाही."

"मग?"

तिनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

घरी उद्धव चहा करत होता. तिनं सगळं सांगितलं. तो गॅस बंद करायचा विसरला आणि चहा उतू गेला.

"त्या दिवशी मीच घाई लावली होती," तो म्हणाला.

"लावली होतीस."

त्यानं फडक्यानं ओटा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "लिहिशील तेव्हा फोनचं लिहू नकोस. कावेरीच्या सासरी कळलं तर... म्हणजे तिच्या बघण्याच्या दिवशीच हे..." वाक्य अर्धवट टाकून तो खाली बसला. "काय बोलतोय मी," तो पुटपुटला.

"नाही लिहिणार," ती म्हणाली. "फोन तू केलास, पण पट्टा मी घातला नव्हता."

*

वसमतला हळदीच्या एका मोठ्या गोदामावर मारोती राखणदार होता. फाटकाजवळ पत्र्याची खोली होती. केस पार पांढरे झाले होते, पण तिनं त्याला लांबूनच ओळखलं. त्याची बायको काशीबाई दाराशी बसून दाभणानं पोती शिवत होती.

"तुम्ही राऊटरवाल्या मॅडम," मारोती म्हणाला. त्यानं खुर्ची आणून दिली. संजीवनी बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं पर्समधून कागद काढला आणि सांगितलं. जानेवारीतली दुपार, पट्टा, कार्ड, 'होय' लिहिलेला अर्ज, शाळेतल्या वर्गात दिलेलं उत्तर. भराभर बोलली, मध्ये थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही अशी.

मारोतीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हंजे भोंगा वाजलाच नव्हता?"

"नाही. आज्ञा तिथवर पोचलीच नव्हती. तुमचा काही दोष नव्हता."

"पण फ्यूज तर मी काढला व्हता," तो म्हणाला.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काढला व्हता, मॅडम. त्या दिशी." तो शांतपणे सांगू लागला. "आधी मी नाहीच म्हणायचो. वरीसभर म्हणलो. गावात कुणी बोलंना. दुकानात गेलो की दुकानदार दुसरीकडं बघायचा. मग रातीला मला सपनात दिसाया लागलं. पेटी उघडली, फ्यूज काढला, खिशात टाकला. मंग जागेपणी बी दिसाया लागलं. पांढरा फ्यूज, हाताला कोमट लागलेला. मला वाटलं, असंच झालं असंल, मीच ईसरलो असंल. मंग गेलो रंगनाथ पोलेकडं. सुभद्राच्या मालकाकडं. त्याचे पाय धरले, कबूल केलं. त्यानं उचललं मला. त्या दिसापासून लोक बोलाया लागले. मला बी हलकं वाटलं."

संजीवनीनं भिंतीला हात टेकला. इथं येताना तिनं पुष्कळ गोष्टींची तयारी केली होती. शिव्या, रडणं, दार लावून घेणं. याची केली नव्हती.

काशीबाईनं दाभण पोत्यात खुपसून ठेवलं. "बाई, एक इचारू? फ्यूज काढल्यावर भोंग्याच्या पेटीवरला हिरवा दिवा लागतो का?"

"नाही. फ्यूज नसेल तर दिवा विझतो."

"मी ढग चढले त्या टायमाला ह्याचा डबा घेऊन गेलते. दिवा चालू व्हता. मह्या डोळ्यानं बघितला मी." तिचा आवाज चढला नाही. "मी ह्याला म्हणत व्हते, तू नाही काढला. सगळं गाव एकीकडं, मी एकटी ह्याच्याकडून. आन् ह्यानं जाऊन पाय धरले. मला खोटी पाडली. दीड वरीस मी ह्याच्याशी धड बोलले नाही, बाई. एका खोलीत राहून."

"तुम्ही समितीला का नाही सांगितलं दिव्याचं?"

"मला कुणी इचारलं?"

गोदामातून हमालांचे आवाज येत होते. मारोती स्वतःच्या उजव्या तळहाताकडं बघत होता. "आता मी काय करू, मॅडम? तुम्ही म्हणता, म्हंजे झालं नसंल तसं. पण मला ते अजून दिसतंय. फ्यूज. इथं." त्यानं तळहात पुढं केला. "तुमचं यंत्र हे पुसून देतं का?"

"नाही," ती म्हणाली. "ते नाही देत."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तुम्हाला कळलं व्हतं का? त्या येळी?"

चाचणी पास झाली होती, असं तिला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं.

"ठिणगी बसली ते कळलं होतं," ती म्हणाली. "आणि चौकशीच्या वेळी शंका होती. म्हणूनच कार्ड बदललं."

मारोतीनं मान हलवली. बोलली काशीबाई. "हे आमाला सांगून काय उपेग, बाई? ह्यानं जिथं पाय धरले, तिथं सांगा. सगळ्यांच्या देखत."

*

संजीवनीनं केंद्राला लेखी जबाब दिला. यंत्राचा कागद जोडला, वर नाव घातलं, सही केली. चौथ्या दिवशी निलंबनाचा आदेश आला. शिकवणं बंद झालं. संघटनेच्या सचिवाचा फोन आला, तो दहा मिनिटं बोलत होता. "तुम्हाला पुण्य मिळालं असेल, आमच्या माणसांच्या घरांवर नांगर फिरवलात," असं म्हणून त्यानं फोन आपटला. तिडके साहेबांनी फोन केला नाही. पण महिनाअखेर कार्यशाळेतल्या एकानं तिला कळवलं की निरनिराळ्या जिल्ह्यांतून अकरा जणांनी आपापल्या जुन्या कामांवर स्वतःचं नाव घालून ती डागयंत्राकडं तपासायला पाठवलीत, आणि त्यांत एक नाव तिडके साहेबांचं आहे.

एक मेची ग्रामसभा मोरगव्हाणीच्या पंचायतीपुढं सकाळीच भरली. मंडप होता, बायका एका बाजूला. मारोती आणि काशीबाई कडेला बसले होते. सरपंचबाईंनी विषय सांगितला आणि माइक संजीवनीकडं दिला.

तिनं लिहून आणलेलं वाचून दाखवलं. कार्ड, ठिणगी, पत्ता. शेवटी ती म्हणाली, "भोंगा वाजला नाही तो माझ्यामुळं. मारोती खिल्लारेंनी फ्यूज काढला नव्हता. मला शंका होती, आणि मी गप्प बसले."

मागून एक जण ओरडला, "मग आता काय सत्कार करायचा का तुमचा?" दोघा-तिघांनी त्याला खाली बसवलं. पुढं बसलेला दुकानदार टोपी काढून आत बघत राहिला. बायकांतली एक म्हातारी उठली, काशीबाईजवळ गेली आणि तिला खेटून बसली. काशीबाईनं तिच्याकडं बघितलं नाही, पण ती सरकलीही नाही.

सरपंचबाई म्हणाल्या की मारोतीला परत घ्यावं असा ठराव करू. मारोती उभा राहिला. "नोकरी द्या. भोंगा नका देऊ," एवढंच बोलून तो बसला.

रंगनाथ पोले तोवर खांबाला टेकून उभा होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला माणूस. तो सावकाश मारोतीपुढं आला. "तू नव्हतं केलं, तर कबूल काऊन केलंस?"

"मला खरंच वाटत व्हतं, दादा."

रंगनाथनं मारोतीच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला. मग तो संजीवनीकडं वळला. ती खाली मान घालून उभी राहिली. क्षमा मागायचं तिनं ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. त्याचा चेहरा बघून तिला ते काढवेनात.

"ह्याला मी माफ केलं व्हतं," रंगनाथ म्हणाला. "लई दिस लागले, पण केलं. आता तुम्ही म्हणता, ते माफ करणंच चुकीच्या माणसाला झालं. पुन्यांदा पहिल्यापासून करायचं, तर तेवढी ताकद नाही राहिली मह्यात."

"मी मागायला आले नाही," ती कसंबसं म्हणाली.

"मग चला मह्यासंग."

तो पुढं, ती मागं. सभा तशीच बसून राहिली. गाव ओलांडून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून ते दोघं शिवारात आले. ऊन चढलं होतं. या वर्षीची हळद उचलून झाली होती, जमिनीवर फक्त पिवळसर धूळ उरली होती. रंगनाथ एका ठिकाणी थांबला. तिथं खूण म्हणून काही नव्हतं.

"इथं," तो म्हणाला. "इथं सुभद्रा. लक्ष्मी तिथं, त्या बांधाकडं. ताडपत्रीचं एक टोक हिच्या हातात, एक तिच्या."

संजीवनी उभी राहिली. तिनं अहवालात ही जागा नकाशावरच्या दोन आकड्यांत वाचली होती.

"सगळ्यांनी भोंग्याचंच इचारलं," रंगनाथ म्हणाला. "समितीनं, पेपरवाल्यांनी, तलाठ्यानं. भोंगा वाजला का, किती वाजता, फ्यूज कुणी काढला. त्या दोघी त्या दिशी काय करत व्हत्या, सकाळपासून काय काय झालं, हे कुणी इचारलं नाही. तुम्ही ऐकायचं. सगळं. आधीच उठून जायचं नाही."

"नाही जाणार."

तो बांधावर बसला. ती त्याच्यासमोर ढेकळांतच बसली. त्यानं त्या दिवसाच्या पहाटेपासून सुरुवात केली. सुभद्राला खोकला झाला होता, तरी ती हट्टानं कामाला निघाली. लक्ष्मीनं भाकऱ्या थापल्या, एक करपली, त्यावरून दोघींचं भांडण झालं आणि वाटेत मिटलंही. तो मध्ये थांबायचा, एखादी गोष्ट आधी झाली की नंतर हे आठवायचा, चुकलं तर पुन्हा मागं जाऊन नीट लावायचा. दुपारच्या जेवणापर्यंत आला तेव्हा तो धुळीकडं बघत थांबला.

संजीवनीनं वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "जेवायला कुठं बसल्या होत्या?"

त्यानं हात वर करून लांबचं झाड दाखवलं, आणि तो पुढं सांगू लागला.